अकरावी निवड

एप्रिल संपत आला तरी
पार्किंगच्या कोपऱ्यात काळा पडलेला बर्फाचा ढीग,
आणि ईरी सरोवरावरचा वारा
वँडाच्या बारचं दार
कुणी न उघडता उघडतो.

आत आम्ही नऊ जण. दहावा टीव्ही.
टीव्हीत एक सुटातला माणूस चिठ्ठी उघडतो
आणि आमच्या येत्या वर्षाचं सोनं की माती
ते एका नावात वाचून दाखवतो.

रनिंग बॅक.

म्हणजे तो, ज्याच्या पोटाशी चेंडू कोंबून सांगतात, घुस.
समोर दीडदीडशे किलोची माणसं
आणि त्यांच्यामध्ये एक फट,
जी आहे म्हणेपर्यंत नसते.

"बोंबला," डेल्बर्टनं टोपी काउंटरवर आपटली.
"घराला छप्पर नाही, आणि यांनी झुंबर आणलं!"
तीस वर्षं लोकांच्या घरांवर छपरं घातलीत त्यानं,
म्हणून त्याच्या छपराला कुणी हसलं नाही.

कॅसिमिरनं हिरवी डायरी काढली.
टपाल वाटतो तो, प्रत्येक गोष्टीला घर नंबर असतो त्याच्याकडे.
"कॉलेजात सहाशे बारा वेळा चेंडू दिलाय याला.
सहाशे बारा वेळा आपटलाय.
सत्ताविसाव्या वर्षी संपतात हे लोक.
आपण नवी गाडी घेतली, टायर मात्र जुने."

"तू पाहिलंयस त्याला?" युनिस म्हणाली.
"की नुसती बेरीज?"
तिनं पाहिलं होतं. बहिणीच्या गावी, नोव्हेंबरात, चिखलात.
तिघांनी धरला होता, एकानं तर पायच.
"हात टेकला जमिनीला
आणि पडता पडता
पडायचं विसरूनच गेला पोरगा."
हे सांगताना तिचा स्वतःचा हात
काउंटरवर सांडलेल्या बिअरमध्ये टेकला होता.

"छान," डेल्बर्ट म्हणाला. "पण पहिल्या फेरीत?
अरे, हे तिसऱ्या फेरीत मिळतात, चौथ्या फेरीत मिळतात.
चार वर्षं पळवायचा, गुडघे गेले की सोडायचा,
दुसरा आणायचा.
स्वस्तात."

आणि मग तो गप्प झाला.

मार्चमध्ये त्याच्या पुतण्यानं
त्याच्या जागी दोन पोरं ठेवली.
स्वस्तात.
वँडा धुतलेला ग्लास पुन्हा धुवायला लागली.
कॅसिमिर डायरीत काही नसलेलं वाचायला लागला.
मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो.
मंगळवारी डेल्बर्टचा उजवा गुडघा
माझ्या पडद्यावर उजळला होता,
हाडावर हाड,
मधली फट
कुठेच नव्हती.
त्यानं विचारलं होतं, काय दिसतं?
मी म्हणालो होतो, डॉक्टर सांगतील.

टीव्हीवर पोरगा उभा राहिला.
एकवीस वर्षांचा. हातांचं काय करावं ते कळत नसलेला.
धाकट्या बहिणीनं मिठी मारताना
त्याच्या पांढऱ्या बुटावर पाय दिला,
तर तो सगळ्या देशासमोर खाली वाकला
आणि अंगठ्यानं बूट पुसला.
बाकीचे त्याचा चेहरा बघत होते.
मी गुडघे बघितले.
वाकले. उठले.
नुकतं तेल दिलेल्या बिजागरीसारखे.

बराच वेळ जाहिराती चालल्या.

"आडनाव काय म्हणालीस?" डेल्बर्टनं विचारलं.
"ऑक्सेंडाइन."
"जर्सीवर मावायचं नाही."
"तुझं कोवाल्चिक मावलं असतं," युनिस म्हणाली,
"तर याचंही मावेल."

"तरी चूकच आहे," तो म्हणाला. "उद्या तरी लाइनमन घ्या.
पुढे फट पाडणारंच कुणी नसेल
तर पोरगा घुसणार कुठे, माझ्या डोक्यात?"
कॅसिमिर म्हणाला, हेच तर मी सांगतोय.
तू नाही, मी सांगतोय, डेल्बर्ट म्हणाला,
आणि ते दोघं एकाच बाजूनं
पुन्हा भांडायला लागले.

साडेअकराला डेल्बर्ट उठला.
स्टुलावरून दोन हप्त्यांत उतरला:
आधी डावा पाय, मग विचार करून उजवा.
मी हात पुढे केला नाही.
टेबलं आणि खुर्च्यांच्या मधून
वाट शोधत, खांदा किंचित खाली घालून,
तो निघाला.

"दार ओढून घे रे," वँडा ओरडली.